अकरा चिलटांची बाटली

त्या दुष्काळात गावातली माणसं खडी फोडायला जायची आन म्या चिलटं धरायला. पिकल्या केळावर घोंगावत्यात ती बारकी चिलटं. हसू नका, कामच व्हतं तसं.

कालेजातल्या एक बाई चिलटांवर संशोधन करायला कळंबला खोली घेऊन राहिल्या व्हत्या. वयानं माझ्या धाकट्या भणीएवढ्या, पण आमी त्यांना बाईच म्हणायचो आन त्या मला मामा म्हणायच्या. एक दिवस त्या आमच्या खडीच्या कामावर आल्या आन इचारलं, हाताखाली कुणी येतं का. आठवड्यात तीनदा म्या खडी सोडून आपलंच बोट फोडलं व्हतं, म्हणून मुकादमानं मलाच पुढं ढकललं. म्हणला, ह्याला न्या बाई, ह्यो गेला तर काम वाढंल आमचं.

काम सोपं. मडक्यात नासकी केळं ठेवायची, चिलटं जमली की फडक्याच्या जाळीनं धरायची आन बाटलीत सोडून कापसाचा बोळा लावायचा. बाटलीच्या तळाला त्यांच्यासाठी मक्याचं पीठ आन गूळ शिजवून घातलेलं. आमी घरी रेशनची तांबडी मिलो ज्वारी खायचो, ती घशाखाली उतरायची न्हाय, आन चिलटांना गुळाचं पिठलं. एकदा म्या बोट घालून चाटलं. बाईंनी इचारलं, मामा, हे कुणी उकरलं? म्या म्हणलो, चिलटांनी. त्यांनी बोटाची खूण बघितली, मग माझ्या मिशीकडं बघितलं.

मला वाचता येत न्हाय, म्हणून त्यांनी बाटल्यांना धागं बांधून दिलं. तांबडा ढोकीचा, पांढरा आमच्या गावचा. ढोकीला साखर कारखान्याच्या मळीपाशी नुसती जाळी फिरवली की बाटली काळी व्हायची. म्या बाईंना सांगितलं, हितली चिलटं कारखान्याची सभासद हायत, म्हणून गलेलठ्ठ. त्या हसल्या. मग मला चेवच आला, रोज एक नवी थाप. तीच पुढं माझ्या अंगावर आली.

कारण आमच्या गावात चिलटंच न्हवती. हिरीला पाणी न्हाय, परसात फळ न्हाय, चिलटानं खावं काय? आठ दिवस मडक्यापाशी बसलो, मिळाली नऊ. पारावरची माणसं म्हणायची, माणसं टिकंनात गावात आन ह्याला चिलटं पायजेत.

आता आमच्याकडं रीत हाय. कुणाचं भांडं घरी आलं तर रिकामं परत द्यायचं न्हाय. काही नसलं तर मिठाचा खडा घालायचा, पण रिकामं न्हाय. आन ह्या बाईंची बाटली म्या रिकामीच परत देऊ? गावाची अब्रू काय राहिली? म्या तांबड्या धाग्याची बाटली घेतली, पांढऱ्याच्या तोंडाला तोंड लावलं आन पांढरी उन्हाकडं धरली. चिलटं उजेडाला धावत्यात. अर्धी ढोकी आमच्या गावात आली. लई समाधान वाटलं.

बाई बाटल्या घेऊन शहराला निघायच्या दिवशी म्या कळंबच्या स्टँडवर गेलो. घरची बाजाराला आली व्हती, तीबी संगं आली. बाईंनी पांढऱ्या धाग्याची बाटली वर धरली आन बघतच राहिल्या. मग बाकड्यावर टेकल्या. म्हणल्या, त्यांचा तीन वर्षांचा अंदाज व्हता की दुष्काळात चिलटं कमी झाली तर त्यांच्यातले प्रकारबी कमी व्हणार. एकेक चिलट चिरडून त्याचा रस खळीच्या वडीवर ठेवायचा आन वीज सोडायची. रस सरकतो, थांबतो तिथं निळी रेघ उमटती. प्रकार येगळा, तर रेघ येगळ्या जागी. त्यासाठीच त्यांना आमचं कोरडं गाव पायजे व्हतं. आन हितं तर बाटली भरलेली.

"चुकलंच माझं," बाई म्हणाल्या. "आता सगळं पहिल्यापासून लिहायला हवं."

म्या म्हणलो, "बाई, त्यातली निम्मी ढोकीची हायत. म्या घातली."

बाई हसल्या. "सभासद का, मामा?"

म्या शपथ घेतली, त्या आणखी हसल्या. म्या कान धरलं, तर स्टँडवरची माणसंबी हसायला लागली. तिकडं गाडी लागली, बाईंनी पेटी उचलली. आयुष्यभर लोकांना हसवलं आन एकदा हसू नगं व्हतं, तर कुणी थांबंना.

तवा घरची पुढं झाली. ती चारचौघांत बोलत न्हाय. पदर सारखा केला आन म्हणाली, "बाई, ह्यांचं खोटं मी ईस वर्सं ऐकायलेय. खोटं बोलताना हे लई गोड बोलत्यात. आता बघा, त-त-प-प व्हायलंय. खरं हाय हे."

बाईंनी माझ्या तोंडाकडं बघितलं. पेटी खाली ठेवली. गाडी गेली.

का केलं, म्हणून त्यांनी इचारलं. म्या भांड्याची रीत सांगितली. त्यांनी पेटीतनं ती बाटली परत काढली. मला वाटलं, आता परत खडी, आन आता चौथ्यांदा बोट. मग त्यांनी बाटलीचा पांढरा धागा सोडला, माझ्या हातात ठिवला आन म्हणल्या, "अजून दुष्काळ संपला नाही, मामा. परत धरू. पण जेवढी असतील तेवढीच. मला तुमच्या गावचं कमीच हवं आहे."

इतकं हलकं कधी वाटलं न्हवतं. भूक लागली एकदम.

बारा दिवस मडक्यापाशी बसलो. अकरा मिळाली. बाटली उन्हात धरली तर आरपार दिसायचं. तशी रिकामी बाटली म्या बाईंच्या हातात दिली, आन त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली.

महिन्यानं त्या फोटो घेऊन आल्या. ढोकीच्या रेघा वर-खाली, कुठं एक, कुठं दोन. आमच्या अकरांच्या सगळ्या एका ओळीत, जशी खडीच्या कामावर हजेरीला उभी राहिल्यात. म्या इचारलं, मग जमलं का? त्या म्हणल्या, अकरावरून काही ठरत नाही, पाऊस झाला की परत धरायची, त्यानंतरबी धरायची. म्हंजी माझं काम पक्कं.

घरचीनं त्यांच्यासंगं ठेच्याचा डबा दिला. पुढच्या खेपेला तो परत आला तवा म्या झाकण उघडलं. आत मिठाचा एक खडा व्हता.