हिवतापाचे वीस प्रश्न आणि हाजराबीची टोपली

शिजणाऱ्या हळदीचा वास आला की मला आजही कुणाला काही विचारायची भीती वाटते.

तो वास गोड नसतो आणि कडूही नसतो. उन्हाने तापलेली ओली माती किंचित करपावी, तसा तो येतो आणि घशाशी ठाण मांडून बसतो. शिरड शहापूरला कौसामावशीच्या मळ्यात त्या दिवशी मोठ्या कढईत हळद उकळत होती. पिवळसर वाफेच्या पलीकडे माझा थोरला भाऊ, नुकताच डॉक्टर होऊन आलेला दादा, वीस प्रश्नांचा कागद छातीशी धरून उभा होता. कागद असा धरला होता, जणू बारशाचे मूल!

दिवस लढाईचे होते आणि हिवतापावरचे कोयनेल मिळेनासे झाले होते. वरच्या साहेबांनी दादाला कळवले होते की, ज्या गावात हिवताप आहे असे सिद्ध होईल, त्या गावाला कोयनेलचा डबा मिळेल. सिद्ध करायची रीतही त्यांनीच घालून दिली होती. चाळीस घरांतल्या बायकांना वीस प्रश्न विचारायचे आणि पंधरा दिवसांनी तेच वीस प्रश्न पुन्हा विचारायचे. दोन्ही वेळची उत्तरे जुळली तर प्रश्नावली विश्वासाची. न जुळली तर कागद रद्द आणि डबा दुसऱ्या गावाला.

मावशीची सून शेवंता एक दिवसाआड भर दुपारी गोधडीत शिरून थरथरत असे. गोधडीवर गोधडी पडे, तरी तिच्या दातांचा आवाज ओसरीपर्यंत ऐकू येई. त्या डब्यातल्या चार गोळ्या तिच्या पोटात जाव्यात, एवढेच खरे म्हणजे दादाचे संशोधन होते. बाकीच्या एकोणचाळीस घरांचे ओझे शास्त्रासाठी.

पण परक्या पुरुषाने घरोघर जाऊन बायकांना तापाविषयी विचारणे त्या काळी शक्य नव्हते. म्हणून दादाने हिंगोलीहून मला बरोबर आणले. मी अठरा वर्षांची होते आणि कविता करीत असे. माझ्या कवितेतली नायिका काळजीने हटकून कृश होई. माझेही मनगट सव्वादोनच्या बांगडीत सहज मावते, याचा मला एक वाङ्मयीन अभिमान होता. प्रश्नांचे मराठी करण्याचे काम अर्थातच माझ्याकडे आले आणि मी रात्रंदिवस खपून ते केले.

पहिली परीक्षा मावशीची घेतली. मी कागद उलगडला आणि सुरात वाचले, ‘दिनान्ती गात्रांस शैथिल्य येऊन शीतज्वराचा कंप जाणवतो काय?’

मावशीने ओला हात पदराला पुसला, डोळे मिटले आणि भक्तिभावाने नमस्कार केला. थोड्या वेळाने एक डोळा उघडून तिने विचारले, ‘‘झाला का मंतर? परसाद काय हाय?’’

दादाने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती मी कोणत्याही कवितेत घालू शकलेले नाही. त्या संध्याकाळी मावशी सांगत गेली आणि मी माझी अलंकारांनी मढवलेली वीसच्या वीस अपत्ये उतरवून ठेवून नवी लिहीत गेले. शीतज्वराच्या कंपाचे झाले ‘हिव भरतं का?’ गात्रांच्या शैथिल्याचे झाले ‘अंग मोडून येतं का?’ (मूळ प्रश्न मी ट्रंकेच्या तळाशी जपून ठेवले. मावशीच्या उंदरांनी त्यांचे पहिले आणि शेवटचे रसग्रहण केले.)

पहिली फेरी मात्र अशी पार पडली की दादा जेवताना गुणगुणू लागला. बायकांनी ओसरीवर बसवले, ताक दिले, पोटातले सगळे सांगितले. शेवंतानेही मान खाली घालून सांगितले की दिवाळीपासून एक दिवसाआड हिव भरून राहिलंय. पुढचे पंधरा दिवस मी मावशीकडेच राहिले. पुढल्या फेरीच्या काळजीने मी व्याकूळ झाले होते आणि मावशी ती व्याकूळता रोज ताज्या तुपाने शांत करीत होती.

पंधरा दिवसांनी मी त्याच दारांत, त्याच कागदांसह उभी राहिले. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. त्यांना धीर यावा म्हणून मी गोड हसले आणि म्हणाले, ‘‘या वेळी नीट आठवून सांगा हं.’’ हे वाक्य प्रश्नावलीत नव्हते. ते माझे स्वतःचे होते, आणि त्यानेच घात केला!

संध्याकाळी दादा दोन्ही वेळचे कागद शेजारी शेजारी मांडून बसला. ज्यांना हिव भरत होते त्यांना आता भरत नव्हते. ज्या ठणठणीत होत्या त्या अंथरुणाला खिळल्या होत्या. चाळीसपैकी केवळ दोन घरांची उत्तरे तंतोतंत जुळली. त्यातल्या एका घरची म्हातारी दोन्ही वेळा पहिल्याच प्रश्नाला झोपी गेली होती. दुसऱ्या घराला दोन्ही वेळा कुलूप होते.

शेवंतानेही सांगितले होते, ‘‘न्हाई जी, मला काई होत न्हाई.’’ हे सांगताना तिचे दात वाजत होते.

दादाने मावशीलाच विचारले की हे असे झाले तरी कसे. मावशी शांतपणे शिजलेले हळकुंड मोडून पाहत म्हणाली, ‘‘आरं लेकरा, मास्तर तोच सवाल दुसऱ्यांदा कवा पुसतो? पयलं उत्तर चुकल्यावर. समद्या बाया आडावर जमल्या, म्हनल्या, पोरगी पुन्हा येऊन राहिली, नीट आठवा म्हनती, मंजी आपलं चुकलं. मग बदलून दिलं. पोरीला तकलीफ नको म्हून.’’

म्हणजे गावाने आम्हांला फसवले नव्हते, पास करू पाहिले होते! दादा कागदांवर डोके टेकून बसला. आत गोधडीखाली शेवंता कण्हत होती आणि डबा दुसऱ्या गावाच्या वाटेला लागला होता.

दुसऱ्या दिवशी दारात काचेची किणकिण ऐकू आली. हाजराबी मनियारीण आली होती. आसपासच्या पाच गावांतली मनगटे तिच्या हाताखालून जात. तिने टोपली उतरवली, शेवंताचा हात हाती घेतला आणि तो नुसता दाबला. मग दादाकडे न पाहताच बोलू लागली.

‘‘दसऱ्याला हिला अडीचची भरली होती. आता बघा, सव्वादोनची सहज जाईल. ताप आहे हिला. काहून पुसता तोंडाला, डॉक्टरसाब? तोंड लाजतं, भितं, पाहुण्याचं मन राखतं. मनगटाला कुणाची भीड न्हाई.’’

दादा ताडकन उठला. त्याने पहिल्या फेरीचे कागद काढले आणि एकेक घर वाचू लागला. हाजराबी टोपलीतल्या बांगड्या निवडता निवडता दसऱ्याचे माप सांगत गेली. पुढे आठवडाभर ती घरोघर बांगड्या भरत, आजचे माप सांगत फिरली. मी तिची टोपली धरून मागे. ती कुणाला दुसऱ्यांदा काही विचारत नसे. हात चोळता चोळता ‘‘मंगळवारी आले तवा गोधडीत होतीस न्हाई का?’’ एवढेच म्हणे आणि बाई आपण होऊन सगळे सांगे. पहिली उत्तरे खरी ठरली. जिथे ताप सांगितला होता, तिथे बांगडी सैल झाली होती.

दादाने कागदावर एक नवा रकाना आखला, ‘बांगडीचे माप’, आणि झाल्या चुकीसह सगळी हकीकत लिहून धाडून दिली. महिनाभराने वरच्या साहेबांचे उत्तर आले. परीक्षक हाजराबी यांचे शिक्षण कुठे झाले, अशी त्यांनी आदराने विचारणा केली होती. पत्राबरोबर कोयनेलचा डबा होता.

शेवंताने कडू तोंड करून गोळ्या गिळल्या. पाडव्याच्या सुमारास हाजराबी पुन्हा आली, तेव्हा तापात भरलेल्या सव्वादोनच्या बांगड्या तिने शेवंताच्या हातांतून काढल्या आणि दसऱ्याच्या मापाच्या भरल्या. हिरव्या काचेत उन्हाचे कवडसे थरथरत होते. हात मात्र थरथरत नव्हते. मावशी तिकडे पाठ करून, उगीचच, निवडलेले तांदूळ पुन्हा निवडू लागली.

मला गहिवरून आले. या साऱ्या प्रकरणात मीही काही कमी सोसले नव्हते! मी माझा हात पुढे केला आणि खोल आवाजात म्हणाले, ‘‘हाजराबी, माझ्यापण भरा. सव्वादोनच्या लागतात, पण काळजीने मी फार वाळले आहे, त्याही सैल होतील.’’

हाजराबीने माझे मनगट हाती घेतले. एकदा दाबले. सव्वादोनची बांगडी अंगठ्याच्या मुळाशी आणून थोडी रेटून पाहिली, परत टोपलीत ठेवली, आणि दुसरी जुडी सोडत म्हणाली,

‘‘अडीच.’’