दादाच्या ट्रॅक्टरला स्नोब्लोअर पुढून की मागून

दादाच्या ट्रॅक्टरला बर्फ उडवायचं यंत्र पुढून लावावं की मागून, हा प्रश्न सिंगापुरात टॅम्पिनीसच्या अकराव्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाने सोडवायचा नसतो. पण दादाने विचारलं, आणि मला नाही म्हणता आलं नाही. तो माझ्याकडे कधी काही मागत नाही. तशी सवय मीच त्याला लावली आहे.

दादा आणि वहिनी कॅनडात एका लहान गावाबाहेर राहतात. घराच्या दारापासून रस्त्यापर्यंत लांबलचक, चढाची वाट. वहिनी हॉस्पिटलात नर्स, पहाटे ड्युटीला निघते. आजवर ती वाट शेजारचा एक म्हातारा साफ करून द्यायचा, तो मुलीकडे राहायला गेला. दादाकडे गवत कापायला घेतलेला छोटा ट्रॅक्टर होताच. त्याला स्नोब्लोअर जोडला की काम होणार होतं. पुढचा घेतला तर समोर बघत सरळ जायचं, पण तो बसवायची कटकट फार. मागचा घेतला तर बसवायला सोपा, पण सगळी वाट ट्रॅक्टर उलटा चालवत, मागे बघत साफ करायची.

माझी पात्रता सांगतो. जुरोंग आयलंडवरच्या एका प्लांटमध्ये मी पंपांची देखभाल बघतो. बर्फाशी माझा संबंध आला तो एकदाच, मनालीला. भाड्याचा कोट आणि दुसऱ्या कुणाचे तरी ओले गमबूट घालून घोड्यावर बसलो होतो, आणि घोडा माझ्यापेक्षा अनुभवी होता. माझी मुलगी म्हणाली, "बाबा, यू ओन्ली नो फ्रीजरचा बर्फ, लाह." तिच्याकडे लक्ष द्यायला मला वेळ नव्हता. कंपनीच्या बसमध्ये जाता-येता मी लोकांचे बर्फ उडवण्याचे व्हिडिओ बघत होतो. बसमधला एसी भयंकर असतो, त्यामुळे वातावरणनिर्मितीही होत होती.

खरं सांगायचं तर मला यंत्रात एवढा रस नव्हता. आम्हा भावांचा फोन रविवारी सकाळी. इथे पोहे होतात तेव्हा तिथे शनिवारची संध्याकाळ असते. पाऊस, थंडी, मुलीची परीक्षा, मग "बाकी?" आणि "बाकी ठीक." इथे फोन संपतो. वर्षानुवर्षं संपत आलाय. आणि आता दादा तासभर बोलत होता. अरे, हे बघितलंस का, ते वाचलंस का, म्हणत होता. लहानपणी तो मला सायकलला हात लावू द्यायचा नाही. आता ट्रॅक्टरबद्दल माझं मत घेत होता. मी फुगलो नसतो तर नवल.

मी मागचा ठरवला. कारणं चोख होती. जोडणी सोपी, इंजिनाची ताकद सरळ मागच्या दांड्यातून मिळते, बिघडायला भाग कमी, आणि पुढचं माती उचलायचं खोरं काढून ठेवावं लागत नाही. मागे बघत चालवावं लागतं हे दादाने हळूच सुचवलं, तेव्हा मी म्हणालो आरसे लाव. आरशावर बर्फ बसेल म्हणाला, तर म्हणालो कॅमेरा लाव. कॅमेऱ्यावर बर्फ बसत नाही अशी माझी समजूत असावी.

मग एका रविवारी मी त्याला ट्रॅक्टर दाखवायला सांगितलं. त्याने शेडमधला दिवा लावला, फोन कशाला तरी टेकवला आणि सीटवर चढून बसला. मी म्हटलं, जरा मागे वळून बघ, जोड कुठे येतो ते कळेल. दादाने स्टिअरिंग घट्ट धरलं, सीटवरून उठला, आणि पाय सरकवत अख्खा वळला. खांद्यांसकट. कपाट फिरवावं तसा.

तेव्हा मला त्याच्या मानेचं ऑपरेशन आठवलं.

ते झालं तेव्हा आमच्या प्लांटमध्ये दुरुस्तीचा शटडाउन चालू होता. मी वहिनीला मेसेज केला होता, काळजी घ्या, आणि खाली जोडलेले हात. नंतरच्या रविवारी त्याला कसा आहेस विचारलं, तो ठीक म्हणाला, आणि मी सुटलो. मान किती वळते, गाडी चालवताना काय करतो, हे कधी विचारलंच नाही. आणि मग पार विसरलो. सख्ख्या भावाच्या मानेत स्क्रू बसवलेत, हे विसरून मी त्याला आरसे लाव म्हणत होतो.

त्या क्षणी बोलायला हवं होतं. पण बोलायचं म्हणजे विसरलो होतो हे कबूल करायचं. दादा हळूहळू पुन्हा सरळ होत होता आणि मी म्हणालो, "छान. जोड मजबूत दिसतोय. मागचाच घे."

तो बरं म्हणाला. पुढच्या शनिवारी डीलरकडे जाऊन सांगतो म्हणाला.

पोहे पुढे तसेच राहिले. बायको समोर मेथी निवडत बसली होती. तिला सगळं ऐकू गेलं होतं.

"दादांची मान वळत नाही ना?" ती म्हणाली.

"वळते थोडी."

"थोडी म्हणजे किती?"

पंपाचा दांडा केसभर हलला तरी मी अख्खी लाइन बंद करायला लावतो.

"कंपनीत असं केलं असतंस तर त्यांनी गेटवर पास काढून घेतला असता," ती म्हणाली, आणि मेथीचे देठ गुंडाळून आत गेली.

पुढचे दिवस कसे गेले ते विचारू नका. प्रत्येक व्हिडिओत मला तो उलटा जाणारा माणूसच दिसायचा. सगळे मान वळवून बसलेले, कुणी एक हात मागे टाकलेला. आधी ते मला ऐटदार वाटत होते. शुक्रवारी बसमधून उतरलो आणि आमच्या इमारतीखालच्या बाकावरूनच दादाला फोन लावला. तिथे पहाट होती. आमच्या घरात रविवार सोडून फोन आला की कोणीतरी गेलेलं असतं, हे माझ्या ध्यानात आलं ते त्याचा आवाज ऐकल्यावर.

"काय झालं? कोण गेलं?"

"कोणी नाही. दादा, मागचा घेऊ नकोस."

"एवढ्यासाठी जीव काढलास माझा?"

मग मी सांगितलं. विसरलो होतो. त्या दिवशी तू वळलास तेव्हा आठवलं, तरी बोललो नाही. चार वाक्यं. तेवढ्यात शर्ट भिजला. तसा तो इथे रोजच भिजतो, पण असो.

"तू विसरलायस हे मला आरशांच्या वेळीच कळलं होतं," दादा म्हणाला.

"मग बोलला का नाहीस?"

"तू रंगला होतास रे. इतकी वर्षं कधी एवढा बोलला नाहीस. म्हटलं, घेऊ मागचा. मानेचं बघू काहीतरी."

तेवढ्यात वहिनीने फोन घेतला. ती ड्युटीला निघाली होती, मागे चाव्या वाजत होत्या. "भाऊजी, पंधरा दिवस हेच सांगतेय मी. पण माझं कोण ऐकतं? धाकट्याने सांगितलंय म्हणे, तो इंजिनिअर आहे. आता पुढचा घ्या म्हणून तुम्हीच सांगा, आणि जरा मोठ्याने सांगा."

मी मोठ्याने सांगितलं. बाकावर शेजारी बसलेल्या चिनी आजी उठून दुसऱ्या बाकावर गेल्या.

शनिवारी दादा पुढचा सांगून आला. रविवारी नेहमीचा फोन झाला. पाऊस, परीक्षा. "बाकी?" मी विचारलं. "बाकी ठीक" म्हणायच्या जागी तो थांबला. म्हणाला, पुढच्याची तू म्हणत होतास ती भानगड खरी आहे. दर वर्षी आधी खोरं उतरवायचं, मग हे धूड त्याच्या जागी चढवायचं. वाकून, मान तिरपी करून पिना बसवायच्या. त्याला जमणार नाही, आणि वहिनीची कंबर धड नाही.

"कधी चढवायचंय?" मी विचारलं.

"बर्फाच्या आधी. नोव्हेंबरच्या सुरुवातीला."

"येतो."

"त्यासाठी?"

"त्यासाठी."

तो हसला नाही. म्हणाला, बूट स्वतःचे आण.

काल मी टॅम्पिनीसच्या मॉलमधून कोट घेऊन आलो आणि हॉलमध्ये घालून बघितला. मुलीने फोटो काढून थेट काकाला पाठवला. त्याचं उत्तर लगेच आलं: कोटाची चेन तिरकी लावली आहेस.