चार्जिंग गेलेल्या गाड्यांची आमची मंडळी

चांगल्या गाडीला किस्से नसतात. माझ्या मेव्हण्याकडे एक स्कूटर आहे. रोज सुरू होते, रोज घरी येते. तिच्याबद्दल सांगण्यासारखं एक वाक्य त्याच्याकडे नाही! आमचं उलट. आमची गाडी कुठे, कोणासमोर आणि कोणत्या कामाला निघालेली असताना बंद पडेल याचा नेम नसायचा. त्यामुळे किस्से साठत गेले, आणि आता कोणी भेटलं की एक निघतो आणि त्याच्या मागे दुसरा.

मी मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह. घर जळगावात पिंप्राळ्याला, आणि माझे डॉक्टर मात्र रावेरपासून धुळ्यापर्यंत पसरलेले. म्हणून मोठ्या हौसेने नवीन मॉडेलची मोटारसायकल घेतली. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण शेवटी ती आमच्याशी बरी वागली.

रोग साधा होता. इंजिन फिरतं तेव्हा आतली कॉइल वीज तयार करते, आणि रेक्टिफायर नावाचा एक छोटा डबा ती वीज बॅटरीला पचेल अशी करून देतो. आमच्या मॉडेलचा हा डबाच जळायचा. मग बॅटरी उतरत जायची आणि गाडी चालता चालता शांतपणे जीव सोडायची. जुन्या गाड्यांना निदान किक असायची. हिला किकच नव्हती! बॅटरी पार गेली की पेट्रोलचा पंपसुद्धा झोपायचा, त्यामुळे धक्का मारूनही उपयोग नाही.

*

आमची मंडळी जमली ती जळगावच्या सर्व्हिस सेंटरच्या बाकावर.

मी बसलो होतो. शेजारी पांढऱ्या दाढीचे एक गृहस्थ होते, रशीदभाई. धुळ्याला त्यांचं शाळेच्या गणवेशांचं दुकान. तिकडे पार्ट मिळेना म्हणून इकडे आलेले. त्यांच्या पलीकडे वनिता सिस्टर, पारोळ्याकडच्या एका उपकेंद्रात नर्स. टोकाला रावेरचे नाना, केळीवाले. कोणी कोणाला ओळखत नव्हतं.

सर्व्हिसवाले पिंगळे आले आणि मला म्हणाले, "सर, रेक्टिफायर गेलाय. पण या मॉडेलला ही कम्प्लेंट पहिल्यांदाच येतेय हं!"

मला जरा बरं वाटलं. आपलंच नशीब फुटकं, गाडी चांगली आहे.

मग ते रशीदभाईंकडे वळले. "भाई, रेक्टिफायर. पहिल्यांदाच बघतोय."

मग सिस्टरकडे. "मॅडम, काय आश्चर्य बघा..."

ते नानांपाशी पोचेपर्यंत आम्ही तिघं एकमेकांकडे पाहत होतो. नाना टोपी काढून डोकं खाजवत म्हणाले, "भो, तुले एका दिवसात किती वेळा पहिल्यांदा होते?"

*

रशीदभाईंचा फोनचा किस्सा त्यांच्याच तोंडून ऐकायला हवा. पण सांगतो.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी ते गणवेशांचं गाठोडं बांधून एरंडोलला निघाले होते. पारोळ्याच्या अलीकडे गाडी मेली. वर ऊन, खाली डांबर, मागे शंभर पोरांच्या चड्ड्या! त्यांनी कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला. एक मुलगी गोड आवाजात हिंदीत बोलायला लागली.

"सर, कृपया मीटर देखकर किलोमीटर बताइए."

"बेटी, मीटर बंद है. बॅटरी गई तो मीटर भी गया."

"कोई बात नहीं सर. गाड़ी स्टार्ट कीजिए, मीटर चालू हो जाएगा."

रशीदभाई म्हणतात, मी क्षणभर विचारात पडलो. एवढी सोपी युक्ती मला का नाही सुचली!

पुढे तिने ठिकाण विचारलं. पारोळा तिला सापडेना. रशीदभाईंनी तिला धुळं सांगितलं, हायवे सांगितला, मग समोरची टपरी आणि टपरीवाल्याचं नावही सांगितलं. ती बिचारी सगळं ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "सर, आप पानी पी लीजिए, धूप में मत खड़े रहिए." आणि मग विचारलं, "क्या आप हमारी सेवा से संतुष्ट हैं?"

रशीदभाई म्हणाले, "बेटी, तुझसे बहुत संतुष्ट हूँ. गाड़ी की बात अलग है."

गणवेश शेवटी एका टोमॅटोच्या टेम्पोतून पोचले. त्या वर्षी एरंडोलच्या काही पोरांच्या सदऱ्यांना पहिल्याच दिवशी भाजीबाजाराचा वास होता, असं ते अभिमानाने सांगतात.

*

वनिता सिस्टरची गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. मागच्या सीटवर लसींचा थंड डबा बांधून त्या एका आडगावाला निघाल्या होत्या. गावाच्या बऱ्याच अलीकडे, एका लिंबाखाली गाडी थांबली ती थांबलीच. डब्यातला बर्फ काही गाडी दुरुस्त होईपर्यंत वाट बघणार नव्हता. लस वाया गेली असती आणि तिकडे बाया पोरं घेऊन ताटकळल्या असत्या.

शेतात निंदणाऱ्या एका म्हातारीने हे पाहिलं. "काय व्हयनं, बाई?"

"गाडी बंद पडली, आजी."

म्हातारीने गाडीकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, आणि विळा खाली ठेवून गावाकडे चालू लागली. सिस्टरना वाटलं, मदतीला कोणी माणूस आणेल. थोड्या वेळाने पाहतात तो वाटेने रांगच येतेय! बाया, कडेवर पोरं, मागे दोन-तीन आज्या, आणि सगळ्यांच्या पुढे ती म्हातारी.

"गाडी येत नही ना? मंग बठ्ठा आम्हीच उनूत!"

सिस्टरनी गाडीच्या सीटवर स्वच्छ टॉवेल अंथरून सामान मांडलं आणि सगळ्या पोरांना तिथेच लस दिली. एकही लस वाया गेली नाही.

पुढच्या महिन्यात गाडी ठणठणीत होती. सिस्टर ऐटीत त्या लिंबावरून पुढे जायला लागल्या, तर खाली सगळं गाव बसलेलं! म्हातारी हात करून ओरडली, "कोठे चालनी, बाई? आठेच बरं शे, सावली शे!"

*

तक्रारी वाढल्या तेव्हा कंपनीने पुण्याहून एक इंजिनिअर पाठवला. बापट त्याचं नाव. आम्ही चौघं भांडायच्या तयारीने गेलो होतो. बघतो तर कोवळा, सडपातळ मुलगा, उन्हाने नाक सोललेलं. त्याला ओरडायचं कसं? रशीदभाईंनी तर आधी त्याला उसाचा रस पाजला.

बापट एकेक गाडी तपासत होता. माझी बॅटरी अर्धमेली. सिस्टरची तशीच. नानांच्या गाडीला मीटर लावलं आणि त्याचा चेहरा खुलला.

"नाना, तुमची बॅटरी तर फर्स्ट क्लास आहे! म्हणजे मॉडेलमध्ये दोष नाही."

"असनारच," नाना म्हणाले. "ट्रॅक्टरची हाये."

बापटने गाडीच्या मागचं पोतं उचललं. खाली केळीचं प्लास्टिकचं क्रेट, क्रेटमध्ये ट्रॅक्टरची भली थोरली बॅटरी, आणि तिथून सीटखाली गेलेल्या दोन जाड वायरी. गडी किती तरी वेळ पोतं हातात धरून उभा होता.

"नाना, याने वॉरंटी जाते हो!"

"जाऊ दे. माह्या काय कामाची व्हती ती? बॅटरी तरी गाडी चालवते."

*

त्या हिवाळ्यात नानांनी सगळ्यांना शेतावर भरीत खायला बोलावलं. बापटलासुद्धा. नानांच्या घरच्या, आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणायचो, काड्यांच्या जाळावर वांगी भाजत होत्या. बापट आल्या आल्या आमच्या गाड्यांपाशी उकिडवा बसला. रेक्टिफायरचा डबा इंजिनच्या अगदी जवळ आहे, तिथे हवा लागत नाही, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात तर तो उकळतोच, असं तो आम्हाला कळवळून सांगत होता. वर कळवलंय, पण पुण्यात बसून कोणाला पटत नाही, असंही म्हणाला. आम्ही त्याच्याभोवती उभे. दोनदा हाक मारूनही कोणी हलेना.

तेव्हा अक्का हातात उलथणं घेऊन आल्या. "अरे पोरा, बंद गाड्या त्या, काही पळून नी चालल्या! इकडे भरीत थंड होऊ राह्यलं."

केळीच्या पानावर गरम भरीत, कळण्याची म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी आणि वर हिरवी कांद्याची पात. बापटने तिसऱ्यांदा वाढून घेतलं तेव्हा अक्का आम्हाला म्हणाल्या, "याच्यावर कोनी ओरडायचं नी आता. हा आपला झाला."

*

आणि तो खरंच आपला झाला. मे महिन्यात त्याने आपल्या मोठ्या साहेबांना जळगावला बोलावून घेतलं. साहेब एसी गाडीतून उतरले. बापट अदबीने म्हणाला, "सर, आज आपण मोटारसायकलवर रावेरला जाऊ. ग्राहकाला भेटायचंय." आणि साहेबांच्या हातात आमच्याच मॉडेलच्या एका गाडीची किल्ली दिली. दुपारची वेळ मुद्दाम निवडलेली!

सावद्याच्या पुढे साहेबांची गाडी थांबली. दोन्हीकडे केळीच्या बागा, रस्त्यावर चिटपाखरू नाही. साहेबांनी रुमाल डोक्यावर घेतला. "बापट, आता काय करायचं?"

"सर, ग्राहक जे करतात ते. हेल्पलाइनला फोन."

साहेबांनी खरंच लावला. "आपका कॉल हमारे लिए महत्त्वपूर्ण है" सुरू झालं, मग बासरी, मग पुन्हा "महत्त्वपूर्ण है". बापट आम्हाला नंतर सांगत होता, "आमच्या कंपनीची ती बासरी शेवटपर्यंत ऐकलेले ते पहिले साहेब!"

पावसाळ्याच्या आत नवीन रेक्टिफायर आले. जागा बदललेली, समोरून हवा लागणारी. सगळ्यांना फुकट बसवून दिले, आणि बसवायला बापट स्वतः आला होता.

*

त्यानंतर गाड्या बंद पडेनात. आनंदाचीच गोष्ट! पण बाकावरचं भेटणं संपलं. बापटची बदली दक्षिणेत कुठे तरी झाली. सिस्टर कामात, मी माझ्या डॉक्टरांमागे. वर्षं कशी गेली कळलं नाही. आणि मागच्या वर्षी अक्का गेल्या.

आम्ही सगळे रावेरला जाऊन आलो. नाना ओट्यावर बसलेले. "या," म्हणाले. निघताना "बरं," म्हणाले. मधे काही नाही. नंतर त्यांचा मुलगा फोनवर सांगायचा, नाना घराबाहेर पडत नाहीत. बागेत जात नाहीत, गाडीला हात लावत नाहीत. जेवायलासुद्धा हाका माराव्या लागतात. मी दोनदा फोन केला. "ठीक हाये," एवढंच.

एका गुरुवारी सकाळी रशीदभाई धुळ्याहून गाडी मारत माझ्या दारात. "चल सोनवणे, रावेरला चक्कर टाकून येऊ." या वयात एवढा लांबचा प्रवास करून आलेला माणूस, मी विचारलं नाही का ते. मी माझ्या गाडीवर, ते त्यांच्या.

रावेर जेमतेम एका हाकेवर राहिलं असेल, मागे पाहिलं तर रशीदभाई रस्त्याच्या कडेला उभे. गाडी बंद. मीटरवर उजेड नाही, हॉर्न नाही, काही नाही.

"भाई, माझ्यामागे बसा. गावात मेकॅनिक आहे," मी म्हणालो.

"मेकॅनिकला काय कळतं या गाडीचं?" असं म्हणून त्यांनी फोन लावला. "नाना? रशीद बोलतोय. गाडी मेली यार. तुमच्या गावाच्या बाहेरच उभा आहे उन्हात. या वयात मला धक्का मारवत नाही. तुमच्याशिवाय इथे माझं कोण आहे?"

 पलीकडून फोन ठेवल्याचं ऐकू आलं.

आम्ही वाट पाहत बसलो. मला वाटलं, मुलाला पाठवतील. तेवढ्यात गावाकडून एक गाडी येताना दिसली. नाना! दाढी वाढलेली, सदरा चुरगळलेला, पुढे पान्यांची पिशवी लटकवलेली.

रामराम नाही, काही नाही. सरळ गाडीपाशी बसले. सीट काढली. वायरी हलवून पाहिल्या. मग थांबले.

"रशीद, याचा मेन फ्यूज कुठी गेला?"

"फ्यूज?" रशीदभाई म्हणाले. "पडला असेल कुठे तरी. रस्ता खराब आहे ना!"

सीटखालच्या बंद डबीतला फ्यूज रस्त्याने पडत नाही, हे मलाही ठाऊक होतं. नानांनी पिशवीतून स्वतःचा फ्यूज काढून बसवला, सेल्फ दाबला. गाडी एका दमात सुरू.

मग तिथल्याच टपरीवर आम्ही चहा घेतला. एकाचे तीन झाले. नानांनी यंदाच्या केळीच्या घडांचं सांगितलं. मग अक्कांचं सांगितलं, आजारपणाचं, शेवटच्या दिवसांचं. रशीदभाई मान खाली घालून ऐकत होते. एकदा तर नाना हसलेसुद्धा, अक्कांनी बापटला कशी चौथी भाकरी वाढली होती ते आठवून.

ऊन उतरायला लागलं तसे आम्ही उठलो. रशीदभाईंनी घाम पुसायला खिशातून रुमाल ओढला, आणि रुमालासोबत काही तरी टप्पकन खाली पडलं.

फ्यूज!

मी दुसरीकडे पाहायला लागलो. नाना सावकाश वाकले, तो उचलला, धोतराला पुसला आणि रशीदभाईंच्या खिशात परत टाकला.

"जपून ठेव," म्हणाले. "पुढच्या गुरुवारी लागंल."