टोबार लावून दादाला आणायला

जून महिन्यात दादाचा फोन आला. घरमालक घर विकतोय म्हणाला, आणि त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी म्हटलं, "मग आता इकडेच ये. कायमचा." तो म्हणाला, "बरं. येतो." इतक्या पटकन तो आयुष्यात कशालाच हो म्हणाला नव्हता. मी आणि माझी बायको अश्विनी एकमेकांकडे बघत राहिलो, आणि जेवणाची पानं घ्यायच्या आत मी लॅपटॉपवर टोबार शोधायला लागलो होतो.

दादा माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. ऑकलंडच्या दक्षिणेला ओटाहुहूत एका मशीन शॉपमध्ये फिटर म्हणून आला आणि तिथेच निवृत्त झाला. मला पुण्याहून या देशात आणलं तेही त्यानेच. दोन वर्षांपूर्वी वहिनी गेली. मूलबाळ नाही. मी, अश्विनी आणि आमची मुलगी ईरा राहतो वेलिंग्टनजवळ लोअर हटला, म्हणजे मध्ये जवळजवळ अख्खं नॉर्थ आयलंड. दादाचा उजवा गुडघा वाकत नाही, त्यामुळे गाडीत पुढची सीट पार मागे सरकवून त्याला बसवावं लागतं. आमची गाडी छोटी, पाच दारांची जपानी हायब्रिड. दादा बसला की मागे भाजीची पिशवीसुद्धा कशीबशी मावते. सामान आणायचं तर ट्रेलर हवा, आणि ट्रेलर ओढायचा तर गाडीला मागे टोबार हवा, म्हणजे तो लोखंडी दांडा आणि त्यावरचा गोळा.

जे लोक फक्त टोबारसाठी हा ब्लॉग उघडून बसलेत त्यांची आधी सोय लावतो. जपानहून आलेल्या छोट्या गाड्यांच्या पुस्तकात बहुतेक वेळा लिहिलेलं असतं की ही गाडी काहीही ओढण्यासाठी नाही. इथले टोबारवाले मात्र त्याच गाडीसाठी बार बनवतात आणि किती वजन चालेल याची पट्टी त्यावर ठोकून देतात. दोघांपैकी खरं कोणाचं, यावर आमच्या मराठी ग्रुपमध्ये इतकी चर्चा झाली की एकजण ग्रुप सोडून गेला. मी सरळ विमा कंपनीला विचारलं आणि त्यांच्याकडून लेखी होकार घेतला. तुम्हीही तेच करा. दुसरं, पट्टीवरचं वजन हे ट्रेलर धरून असतं. माझ्या डोक्यात हे उशिरा शिरलं, तोवर मी दादाचं लाकडी कपाटसुद्धा हिशेबात धरून बसलो होतो. तिसरं, गोळ्याची इथे दोन मापं चालतात, तेव्हा भाड्याचा ट्रेलर कोणत्या मापाचा आहे ते आधी विचारा. आणि गोळ्याचा दांडा काढता येणारा घ्या. कायमचा बसवलेला असला की येता-जाता पोटरीला लागतो, आणि शिव्या आपल्याला बसतात.

बसवायला पेटोनीच्या एका वर्कशॉपमध्ये गेलो. वायरिंग धरून आठशे डॉलरच्या आसपास, अर्धा दिवस. मागचा बंपर उतरवल्यावर गाडी कवळी काढलेल्या माणसासारखी दिसत होती. मेकॅनिकने विचारलं, "काय ओढणार आहेस, मेट?"

"भावाला घरी आणतोय."

"स्वीट अ‍ॅज," म्हणजे झकास, असं तो म्हणाला आणि खाली सरकला.

मी खूश होतो. पन्नाशी उलटून गेल्यावर भावाबरोबर एका घरात राहायला मिळणार, हे काही सगळ्यांच्या नशिबात नसतं.

जुलैतल्या एका शुक्रवारी दुपारी एकटाच निघालो. जाताना ट्रेलर नव्हता. तो ऑकलंडला घेऊन वेलिंग्टनला परत द्यायचा, अशी एकमार्गी सोय मिळते. स्वस्त नाही, पण रिकामा ट्रेलर खडखडत वर नेण्यापेक्षा बरं. पाऊस घरापासूनच होता. लेविन, बुल्स, दोन्ही गावं वायपरमधूनच पाहिली. तायहापेला पाय मोकळे केले आणि खिमा भरलेला एक मिन्स पाय खाल्ला. तिथून पुढे उजेड झपाट्याने कमी होत गेला, आणि डेझर्ट रोडला लागलो तेव्हा डावीकडे ज्वालामुखी असायला हवेत तिथे नुसता करडा ढग होता. हिवाळ्यात जाणार असाल तर निघण्यापूर्वी रस्ता चालू आहे का ते बघा. बर्फ पडला की बंद करतात. त्या रस्त्यावर वस्ती नाही, फोनला रेंज नाही. एरवी मला तिथे उदास वाटतं. त्या दिवशी मी मोठमोठ्याने गाणी म्हणत होतो.

मुक्काम ताउपोला. दीडशे डॉलरची खोली, तिच्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच की हीटर चालू होता. शनिवारी सकाळी निघून हॅमिल्टन ओलांडलं, मग बॉम्बे हिल्स, आणि अकराच्या सुमाराला दादाच्या दारात.

त्याने पिठलं, भाकरी आणि ठेचा करून ठेवला होता. घर जवळजवळ आवरलेलं. बैठकीच्या खोलीत सामानाचे दोन ढीग. एका ढिगात वहिनीचं शिलाई मशीन, घरघंटी, पितळी भांडी, जाड गाद्या. दुसऱ्यात एक कुकर, दोन पातेली, टीव्ही, त्याची खुर्ची, एकट्याची कॉट. मी समजलो, एक न्यायचा आणि एक देऊन टाकायचा. फक्त कोणता कोणता ते कळेना, कारण खुर्ची तर त्याची रोजची.

जेवण झाल्यावर ट्रेलर आणला. दादा खुर्ची बाहेर टाकून बसला आणि हुकूम सोडायला लागला. जड सामान चाकांच्या जरा पुढे, मागे काही नाही, दोर असा नाही, तसा. शेजारची मेले नावाची बाई मदतीला आली. टोंगा बेटांवरची आहे, साठीची, मोठ्या आवाजाची. आम्ही बोलतो ते ऐकून तीही त्याला दादाच म्हणते; तिला वाटतं हेच त्याचं नाव. घरघंटीचं एक टोक उचलता उचलता ती मला म्हणाली, "दादा इज लकी, ही इज ओन्ली गोइंग राउंड द कॉर्नर. आय कॅन स्टिल ब्रिंग हिम हिज ब्रेड."

मी घरघंटी खाली ठेवली.

दादा माझ्याकडे बघत नव्हता. त्या शेजारणीला काय कळायचं ते कळलं आणि ती "आय पुट द केटल ऑन" म्हणत आत गेली.

"काय म्हणतेय ही?" मी विचारलं.

"दोन गल्ल्या सोडून म्हाताऱ्यांसाठी छोटी घरं आहेत," तो म्हणाला. "मागे नाव देऊन ठेवलं होतं. गेल्या सोमवारी फोन आला, एक रिकामं झालंय म्हणून. हो म्हटलं."

"आणि मला?"

"तू हूक बसवून घेतलास ना रे. फोटो पाठवलेस. आता काय सांगायचं, म्हटलं येऊ दे. समोरासमोर सांगू."

मी खूप बोललो. रस्त्यावर उभा राहून, पावसात, मराठीत, मोठ्याने. तुला आमच्यावर विश्वास नाही, अश्विनीने तुला कधी काही कमी केलंय का, लोक काय म्हणतील, सगळं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुझं घर टेकडीवर. रस्त्यापासून दारापर्यंत नुसत्या पायऱ्या. एकदा मला वर चढवलंस की मी वरच. तुम्ही दोघं सकाळच्या ट्रेनने वेलिंग्टनला. ईरा तिच्या कॉलेजात. दिवसभर मी खिडकीतून दरी बघू?"

"पायऱ्यांना कठडा लावून घेऊ. रॅम्प करून घेऊ."

"इथे मी खाली उतरलो की स्टेशनपर्यंत सपाट आहे. दुकानातला किया ओरा म्हणत नमस्कार करतो, मेले ओरडते, देवळातली मंडळी गुरुवारी न्यायला येतात. मला माझ्या पायाने कुठेतरी जाता येतं, रे."

मी भिजत पडलेल्या घरघंटीकडे बोट केलं.

"मग हे सामान कुठे चाललंय?" मी विचारलं.

"तुझ्याकडे. एका खोलीत हे कसं मावेल? आणि अजून एक आहे, ते ट्रेलरमध्ये नाही ठेवायचं."

तो आत गेला आणि झाकणाचा मोठा स्टीलचा डबा घेऊन आला. आत तांदळावर, धुवट उपरण्यात गुंडाळलेले आमचे देव होते. खंडोबाचा आणि देवीचा टाक, अन्नपूर्णा, बाळकृष्ण, शंख. वडील गेल्यावर ते दादाकडे आले, कारण थोरला तो. पुण्याहून इथे तो हातातल्या पिशवीत घेऊन आला होता. नवरात्र त्याच्याकडे, कुळाचार त्याच्याकडे, आम्ही धाकटे म्हणून तिथे जायचं. थोरला हयात असताना देव धाकट्याकडे गेलेले आमच्या घराण्यात मी तरी ऐकलेले नाहीत.

"नव्या जागेत दिवा लावायचा नाही," दादा म्हणाला. "समई नाही, निरांजन नाही, उदबत्तीसुद्धा नाही. आगीचा नियम आहे. मी विचारून बघितलं दोनदा. देवांना अंधारात कसं ठेवू?"

"आणि तू राहशील?"

"माझ्यासाठी ट्यूबलाइट आहे की." तो हसला. मला हसू आलं नाही. "हे काय कुरिअरने पाठवायचं असतं? त्यांना न्यायला तूच यायला हवा होतास."

संध्याकाळी त्याचं दुसऱ्या ढिगातलं सामान आम्ही दोन फेऱ्यांत नव्या जागी पोचवलं. स्वच्छ आहे जागा. न्हाणीघरात धरायला दांडे आहेत, दार सरळ रस्त्याला. वाईट म्हणावं असं काही सापडेना, आणि मी शोधत होतो. छताला धुराचा अलार्म होता, त्याचा हिरवा दिवा लुकलुकत होता.

रविवारी उजाडायच्या आत निघालो. त्याच्यासाठी मागे सरकवलेल्या पुढच्या सीटवर दादाने स्वतःच्या हाताने डबा ठेवला आणि त्याला सीटबेल्ट लावला. "हळू जा. नव्वदच्या वर नाही," म्हणाला. ट्रेलर असला की नियमाने तेवढाच वेग. मी वाकून नमस्कार केला, तर त्याने आधी डब्याला हात जोडले आणि मग माझ्या पाठीवर हात ठेवला.

परतीच्या रस्त्याबद्दल उपयोगाचं एवढंच. छोटी गाडी चढावर रडते, तेव्हा ट्रक मागे साचले की बाजूला घेऊन वाट द्या. वळणावर ब्रेक आधी मारा. पहिल्या अर्ध्या तासानंतर थांबून दोर पुन्हा आवळा, ते हमखास सैल होतात. डेझर्ट रोडवर आडवा वारा होता आणि ट्रेलर मागून गाडीला झोंबत होता. माझी पाचावर धारण बसली. वायूरूला थांबलो. पायची वेळ झाली होती, पण शेजारी देव बसलेले असताना मिन्स पाय कुठे खाणार? चहा आणि चीज स्कोन घेतला आणि गाडीतच खाल्ला. खाताना मला इतकं एकटं वाटलं की काच खाली करून जरा वेळ थंड वारा अंगावर घेतला.

अश्विनीला मी आदल्या दिवशीच फोनवर सांगितलं होतं. ती भाकरीचा तुकडा आणि पाणी घेऊन खाली रस्त्यापर्यंत आली, डब्यावरून ओवाळून टाकलं, आणि मग डोळे पुसले. ईराला मराठी सगळं कळतं, बोलते इंग्रजीतच. ती म्हणाली, "सो वुई गॉट द गॉड्स अँड नॉट काका?" मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "दॅट्स सो सॅड, बाबा," आणि मशीनचं एक टोक धरून पायऱ्या चढायला लागली. त्या पायऱ्यांवरून घरघंटी वर नेताना आमच्या नाकी नऊ आले. दादाच्या म्हणण्यात काही खोट नव्हती.

या गोष्टीला तीन महिने होत आले. टोबार ठीक आहे, कुरकुर नाही. रोज सकाळी ऑफिसला निघण्यापूर्वी मी पूजा करतो. मंत्र अर्धेच येतात, बाकीचे दादाने फोनवर म्हणून पाठवलेत, ते ऐकत ऐकत म्हणतो. माझं मन त्यात लागतं का, तर नाही. पण दिवा लावायचा चुकवत नाही.

नवरात्र जवळ आलं तसा काल त्याला फोन केला. घट आमच्याकडे बसणार, तर तू कधी येतोस, तिकीट मी काढतो, म्हटलं. पायऱ्या चढताना दोन्ही बाजूंनी धरू, वाटेत टेकायला खुर्ची ठेवू. हा माणूस मला लहानपणापासून फक्त सांगत आला. अमुक शाखेला जा, अमुक दिवशी निघ, या देशात ये. त्याने मला कधी काही विचारल्याचं आठवत नाही.

मग तो म्हणाला, "चार दिवस राहिलो तर चालेल ना रे तुम्हाला?"

मी म्हटलं, "दादा, हे काय विचारतोस?" पण त्याने ते खरंच विचारलं होतं, आणि उत्तराची वाट बघत होता. शेवटी मी म्हटलं, "हो. चालेल."