चाकांवरचं इरलं

भोरच्या बाजारात कुणी न पटणारं काही सांगू लागला, की ऐकणारे हसून म्हणत, "तू तर चिमाजीच्या वरताण निघालास." हा चिमाजी उत्रोलीचा. पावसाळ्याच्या तोंडावर इरली करायचा, एरवी कणग्या नि टोपल्या. इरलं म्हणजे बांबूच्या कामट्या आणि पळसाची पानं यांचं पांघरूण. डोक्यावर घेतलं की पाठीवरून पार खाली येतं, आणि बाई दिवसभर वाकून भात लावत असली तरी तिची पाठ कोरडी राहते. चिमाजीच्या हातचं इरलं वेल्ह्याच्या पावसातही गळत नसे, आणि वेल्ह्याचा पाऊस म्हणजे काय ते तिथल्या भिंतींना विचारावं. त्याच्या कामाला कधी कुणी नाव ठेवलं नाही.

जिभेचं मात्र तसं नव्हतं. जगातल्या प्रत्येक वस्तूचं मूळ आपल्याला ठाऊक आहे आणि ते भोर-वेल्ह्याच्या बाहेर कुठंच नाही, अशी त्याची पक्की समजूत होती. छत्री? कुण्या साहेबानं आपल्याकडच्या रानात अळंबी बघितली, तिला काळं कापड लावलं, झाली छत्री. एस.टी.? ती तर आडवी पाडलेली कणगी. दाण्यांच्या जागी माणसं कोंबली, एवढाच काय तो फरक. पोलिसाची टोपी, गॅसबत्ती, कचेरीतला शिक्का, सगळ्याचं उत्तर त्याच्याकडे तयार असे. आणि स्वतःच्या कामाचं विचाराल तर, "सात पिढ्यांचं हाय. बापानं हाताला धरून शिकवलंय मला."

बोलताना तो इतका रंगायचा, की समोरचे हसताहेत हे त्याच्या ध्यानात येत नाही, असं लोकांना वाटे. येत होतं. चांगलं ध्यानात येत होतं. पण इतरांच्या हसण्याचं त्याला फारसं काही नव्हतं. त्याला डाचायचं ते सगुणाबाईचं. तीस वर्षांच्या संसारात बायकोला त्याचं एकही मूळ पटलं नव्हतं. ती भांडत नसे, खोटं पाडत नसे. ऐकून घ्यायची आणि पुन्हा पानं निवडायला लागायची. एखादं तरी भांडण केलं असतं तर बरं, असं त्याला वाटे. एकदा, निदान एकदा आपलं खरं निघावं आणि ते हिच्या देखत निघावं, एवढी एकच इच्छा त्या माणसानं मनात धरली होती.

एकाहत्तर साली आषाढात तो आठ इरली एस.टी.च्या टपावर टाकून शिवऱ्याला गेला. हमरस्त्यावर ज्ञानूचं चहाचं हॉटेल होतं, तिथं इरली टेकवून ठेवायची आणि गिऱ्हाइकाची वाट बघायची, हा दर सालचा शिरस्ता. एस.टी.तून उतरला आणि तिथंच थबकला. कंडक्टर टपावरून इरली खाली फेकत होता, त्याकडेही त्याचं लक्ष राहिलं नाही.

हॉटेलाच्या बाजूला चिंचेखाली एक वस्तू उभी होती. दोन चाकं, पुढं गाडीला जोडायचा दांडा, आणि वर पातळ पत्र्यानं मढवलेलं एक चकाकतं अंग. त्याला ना छप्पर म्हणावं ना भिंत, कारण भिंत कुठं संपते आणि छप्पर कुठं सुरू होतं ते कळतच नव्हतं. पुढून गोल उचललेलं, माथ्यावर जरा सपाट झालेलं, आणि मग मागं उतरत उतरत पार खाली गेलेलं. अंगाला एक दार, दाराला काच, काचेआड फुलाफुलांचा पडदा.

"हे काय रं ज्ञानू?"

"घर हाय," ज्ञानू म्हणाला. "साहेब नि मडम विलायतेस्नं रस्त्यानं आल्यात. गोव्याला चाललेत. मोटारीचं कायतरी तुटलं, ती न्हेली वढत पुण्याला. चार दिस झालं, दोघं ह्याच्यातच ऱ्हात्यात."

आता अशी वस्तू चार दिवस हॉटेलाशेजारी उभी राहिल्यावर शिवऱ्याचे लोक गप्प बसतील? ही कुणाच्या डोक्यातनं निघाली असेल, यावर बोलता बोलता चहावर चहा रिचत होते. ज्ञानू म्हणे, जेवणाचा डबा मोठा करून चाकांवर ठेवलाय. एक ट्रकवाला सांगून गेला होता, की लढाईत न फुटलेले बाँब उरले, ते साहेबानं आतून पोकळ करून विकायला काढलेत. हॉटेलात भांडी घासणाऱ्या अक्काबाईचं मत त्या सगळ्यांत शहाणपणाचं होतं. ती म्हणाली, "कोंबडीचं अंडं बगून केलंय. आत जीव ठिवायचा म्हणल्यावर दुसरं काय बगणार माणूस?"

चिमाजीनं यातलं काही ऐकलं नाही. डोक्यावर इरलं घेऊन, पावसात, त्या घराला त्यानं तीन फेऱ्या मारल्या. मग एका जागी उभा राहून तो नुसता पाण्याकडे बघत राहिला. पाऊस माथ्यावर पडत होता, क्षणभरही तिथं थांबत नव्हता, त्या उतारावरून एकसारखा मागं धावत होता आणि शेपटाशी जमिनीवर पडत होता. पाण्याला कुठं विचार करावा लागत नव्हता. एवढं मोठं धूड, आणि त्याची पाठ भातलावणीत वाकलेल्या बाईसारखी! उभ्या आयुष्यात चिमाजीनं देऊळ बघून सुद्धा असे हात जोडले नव्हते, आणि आता ते आपोआप जोडले गेले.

मग तो हॉटेलात येऊन म्हणाला, "हे इरलं हाय."

हशा झाला तो रस्त्यापलीकडं ऐकू गेला. पण या वेळी चिमाजी हटला नाही. भाटघरचं धरण बांधत होते तेव्हा एका साहेबानं त्याच्या बापाकडून एक इरलं विकत घेतलं होतं, हे त्याला आईनं सांगितलेलं. ते विलायतेला गेलं असणार. तिथं कुणीतरी बघितलं, भलं मोठं केलं, पानांच्या जागी पत्रा ठोकला.

"आन चाकं कशापायी मग?" ज्ञानूनं विचारलं.

"आपली बाई इरलं पाटीवर घेती. त्यांच्या बाईची पाट नाजूक."

पुन्हा हशा. पण हसता हसता लोक एकेक करून बाहेर गेले, टेकवलेल्या इरल्याकडे बघितलं, त्या घराकडे बघितलं, आणि परत आले. कुणी म्हणालं, दिसतंय खरं. ज्ञानूनं तोड काढली. शनिवारी शाळा सुटल्यावर बाजीराव मास्तर येतील, त्यांना इंग्रजी येतं, साहेबालाच विचारू.

"इचारा," चिमाजी म्हणाला. "म्या बायकूला घिऊन येतो."

सगुणाबाई आली. नवऱ्याचं खरं निघेल म्हणून नव्हे, चाकांवरचा संसार बघायला मिळेल म्हणून. शनिवारी दुपारी शिवऱ्यात निम्मं गाव लोटलं होतं. साहेब म्हणजे पंचविशीतला पोरगा, केस मडमेपेक्षा लांब. मडमेनं त्या घराचं शेपूट वर उचललं तर आत चूल, कपबश्या, मिठाची बाटली! सगुणाबाई पदर तोंडाला लावून बघत राहिली. "निजायचं फुडं आन चूल मागं. धूर डोळ्यात जात न्हाई. हे बाप्याचं डोकं न्हाई, बाईनं सुचवलंय," ती अक्काबाईला म्हणाली. मूळ सांगण्याची ही तिची आयुष्यातली पहिलीच वेळ असावी.

बाजीराव मास्तरांनी इरलं साहेबापुढं धरलं आणि इंग्रजीत बरंच बोलले. साहेबानं इरलं हातात घेतलं, फिरवून पाहिलं, घराकडे पाहिलं आणि मोठ्यानं हसला. मग तोही बरंच बोलला. मास्तर वळले तेव्हा त्यांचा चेहराच बदलला होता.

"मंडळी, हे घर यांच्या वडिलांनी स्वतःच्या हातानं बांधलंय. वडील आता नाहीत. पण लढाईच्या वेळी ते पलटणीबरोबर पुण्याला होते. एक अख्खा पावसाळा त्यांनी इकडं काढला. साहेब म्हणतात, त्यांनी अशी इरली नक्की पाहिली असतील. चिमाजींचं म्हणणं आपल्याला मान्य आहे म्हणतात."

लोकांनी एकच गिल्ला केला. ज्ञानूनं चिमाजीला पाठीमागून मिठी मारली. कालपर्यंत हसणारे आता 'आमच्या उत्रोलीचं इरलं' म्हणू लागले, जणू सगळ्यांनी मिळून ते विणलं होतं. चिमाजीनं सगुणाबाईकडे बघितलं. ती त्याच्याकडेच बघत होती. तिच्या चेहऱ्यावरचं काही त्याला कळेना, पण ती पहिल्यांदाच नजर काढून घेत नव्हती.

साहेबानं त्याला हाताला धरून आत नेलं. चिमाजीनं पाय पुसले आणि गादीच्या कडेला अवघडून बसला. आत गुडघे पोटाशी घेऊनच बसावं लागत होतं, पण डोक्यावरचं ते लाकडाचं वळण असं काही मायेनं वाकलं होतं की अंग आखडल्यासारखं वाटेना. दोन्ही बाजूंना आकार कापलेल्या दोन फळ्या आणि त्यांच्यावर एकीशेजारी एक टाकलेल्या आडव्या पट्ट्या. चिमाजीनं आधी कणा शोधला. इरल्याला आधी डोक्यापासून शेपटापर्यंत कणा घालतात, मग बाकीचं त्याला धरून येतं. इथं कणाच नव्हता.

साहेबानं पायथ्याचं कपाट उघडून दाखवलं. तिथं फळीला रंग दिलेला नव्हता, आणि उघड्या लाकडावर पेन्सिलीच्या रेघा होत्या. चिमाजी वाकला. एकाखाली एक पाच वळणं काढलेली होती, चारांवर फुल्या. सगळ्यांत खालची रेघ फार बसकी. तिच्यावर पाणी साचलं असतं. तिच्यावरची मागं एकदम पडलेली. तिसरी चांगली होती, पण निम्म्यावर हात अडखळला होता, खोडलं होतं, पुन्हा काढलं होतं. चौथी जवळ आलेली, तरी फुली. आणि पाचवी, सगळ्यांत वरची, जिच्यावरून करवत फिरली, ती.

चिमाजीनं प्रत्येक रेघेवरून बोट फिरवलं. कितीतरी वेळ फिरवत राहिला. बाहेर लोक हाका मारत होते. ज्यानं बघून केलं, त्याला चार वेळा कशाला चुकायला लागेल? हा माणूस कुणाचं बघून बसला नव्हता. दूर कुठंतरी, आपल्या अंगणात, एकटा, तो हे वळण हुडकत होता, आणि ते त्याला सापडलं होतं. चिमाजीला ते मेलेले साहेब आपल्या शेजारी बसलेत असं वाटलं. त्याला पुढं काही दिसेना, इतके डोळे भरून आले.

तो बाहेर आला. मास्तर म्हणाले, "बोला चिमाजी. आज तुमचा दिवस."

चिमाजीनं एकदा सगुणाबाईकडे बघितलं आणि म्हणाला, "न्हाई मास्तर. हे इरल्यावरनं केल्यालं न्हाई. माझं चुकलं."

"अवं पर साहेबच म्हणतोय की!" ज्ञानू ओरडला.

"साहेबाला म्हाईत न्हाई. हे त्याच्या बापाचं सोताचं हाय."

लोक चिडलेच. हातातोंडाशी आलेला मान हा बाबा स्वतःच लाथाडतोय म्हटल्यावर चिडणार नाहीत तर काय? कुणी म्हणालं, ह्याला खरंच वेड लागलंय. थोड्या वेळानं हसणंही पूर्ववत सुरू झालं. चिमाजीनं साहेबाच्या पायाशी एक इरलं ठेवलं, पैसे घेतले नाहीत, आणि बायकोला घेऊन एस.टी.ला उभा राहिला.

भोरला उतरून दोघं उत्रोलीच्या वाटेला लागले. दोन्ही बाजूंना भातखाचरं भरली होती. पदर खोचत सगुणाबाईनं विचारलं, "आत काय बगितलं तुमी?"

त्यानं सांगितलं. पाच रेघा, चार फुल्या, बसकी, पडलेली, सगळं. मग वाटेतच थांबला. "आन एक सांगू का? बापानं मला काय बी शिकवलं न्हाई. मी सा वर्साचा असताना त्यो गेला. मला कुणी दावायला नव्हतं. म्या बी असाच चुकत चुकत..." त्यानं पायानं वाटेवरचा दगड बाजूला सारला. "तुला ठावं न्हाई, लई इरली वाया घालवली म्या."

"ठावं न्हाई कशी? लगीन हून आले तवा तुमी दिवसा इरली करायचा आन रोज परसात मोडून टाकायचा. त्या साली सगळा पावसाळा चूल त्याच्यावरच पेटलीया."

त्यानं मान वर करून तिच्याकडे बघितलं.

"आजवर लई मुळं सांगितलीत तुमी," सगुणाबाई म्हणाली. "हे पटलं मला."

आणि ती पुढं चालू लागली. चिमाजी तिच्या मागून निघाला. त्याला इतका आनंद झाला होता की घर येईपर्यंत त्याला बोलायला एक शब्द सुचला नाही.