रिमोट हातात घेऊन उठणारा माणूस

आमचे हे टीव्हीचा चॅनल बदलायला उठतात. रिमोट हातात असतो, तरी उठतात. टीव्हीच्या अगदी पुढ्यात जाऊन उभे राहतात आणि मग बटण दाबतात. लेक पोट धरून हसायची. "पप्पा, रिमोट कशाला घेतलाय मग?" मीही हसायचे. पाण्याच्या टाकीचंही तेच. टाकी भरली की पाणी खाली सांडतं, ते खालूनही कळतं. पण हे शिडी चढून आत डोकं घातल्याशिवाय गप्प बसायचे नाहीत.

हे परराज्यातल्या एका खाणीत, जमिनीखाली लोडर चालवतात. गाव मैंदर्गीकडचं, कर्नाटकाच्या हद्दीला लागून, म्हणून आईशी कानडी, आमच्याशी मराठी आणि खाणीत हिंदी. रजा मिळाली की सोलापूरला येतात, संपली की जातात. मी इथे शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कॉलर लावते.

त्यांचं काम मला कळतं ते एवढंच. खाली सुरुंग उडवला की दगडात मोठी पोकळी होते. तिच्यात पडलेला माल लोडरच्या बकेटने, म्हणजे पुढच्या मोठ्या खोऱ्याने, ओढून काढायचा. त्या पोकळीच्या छताला कसलाच आधार नसतो, वरून कधी काय सुटेल ते सांगता येत नाही. पूर्वी हे लोडरवर बसून तिच्या तोंडापर्यंत जायचे. ड्युटी संपून वर आले की मला फोन करायचे. तो फोन येईपर्यंत माझं बूड खुर्चीला टेकायचं नाही. डबे घास, कपाट आवर, घडी घातलेले कपडे मोडून परत घडी घाल.

मग खाणीत रिमोट आला. गळ्यात अडकवायचा डबा, त्यावर दोन दांडे. भिंतीवर लाल पट्टा मारलेला असतो. माणसाने पट्ट्याच्या अलीकडे थांबायचं, लोडर एकटा आत जाणार. ऐकलं त्या दिवशी मी कारखान्यात पेढे वाटले. सुपरवायझरने विचारलं, पोरगी पास झाली का? म्हटलं, नाही, नवरा पास झाला.

मागच्या खेपेला हे रजेवर आले ते एक व्हिडिओ घेऊन. जोडीदाराने काढलेला. खाली मोबाईल न्यायला बंदी असताना त्याने तो कसा नेला, ते मला विचारू नका. लेकीने तो टीव्हीवर लावला. सगळा अंधार, धूळ, लोडरचा उजेड. मधोमध हे, गळ्यात डबा. बाजूच्या भिंतीवर लाल पट्टा दिसत होता.

लोडर आत शिरला आणि बकेट दिसेनाशी झाली. टीव्हीतले हे मान उंच करून बघायला लागले. मग एक पाऊल पुढे. मग आणखी एक. पट्टा मागे राहिला. आणि त्याच वेळी आमच्या हॉलमधले हे आवाज वाढवायला उठले, रिमोट हातात घेऊन टीव्हीपाशी जाऊन उभे राहिले.

लेक हसली. मला हसू आलं नाही.

"अहो, तुमी पट्ट्याच्या पुढं गेलाय."

"बकेट दिसंना झाली की. भरली का न्हाय, बघाय नको?"

"मग रिमोट कशाला दिलाय तुमाला?"

"दोन पावलांनी काय व्हतंय? तू न्हाय का बोट सुईखाली घालत?"

"माझ्या बोटावर सुई पडंल. तुमच्या डोक्यावर डोंगर पडंल."

त्यावर ते जेवायला वाढ म्हणाले. मला इतका राग आला की मी भाकरी थापायच्या ऐवजी बडवल्याच.

दुसऱ्या दिवशी मी हॉलमध्ये, त्यांच्या खुर्चीच्या पुढे, रांगोळीची एक सरळ रेघ ओढली. म्हटलं, टीव्ही बघायचा तो हिच्या अलीकडून. लेकीला गंमत वाटली. यांनाही वाटली. हसत हसत उठले आणि रेघ तुडवून गेले. मी रोज ओढायची आणि यांनी रोज पुसायची. भांडून झालं, अबोला धरून झाला, लेकीची शपथ घालून झाली. रजा संपली त्या दिवशी यांच्या तळव्यांना रांगोळी लागली होती. तेच पाय बुटात घालून हे गाडीला गेले.

त्यानंतर ड्युटी संपल्याचा फोन आला तरी मला चैन पडेना. कारखान्यात हात कामावर आणि डोळ्यांपुढे तो पट्टा. एका गठ्ठ्याला सगळ्या कॉलरी उलट्या लावल्या, बोलणी खाल्ली.

मग एका दुपारी यांचा फोन आला. ड्युटी संपायची वेळ झाली नव्हती, म्हणून मी शिलाई सोडून बाहेर पळाले.

"काय न्हाय झालं. छत आलं खाली. लोडर गाडला."

"तुमी कुटं उभा होता?"

पलीकडे कुणीतरी हिंदीत बोलत होतं.

"अहो, कुटं उभा होता?"

"पट्ट्याच्या मागंच की. ठेवतो, हितं साहेब आलेत."

त्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे मला ठरवता आलं नाही. एकदा वाटायचं, माझी रेघ उपयोगी पडली. एकदा वाटायचं, हे मला गप्प करायला तसं बोलले. फोनवर पुन्हा विचारलं की हे विषय बदलायचे.

काही दिवसांनी घरी आले. अंगावर ओरखडा नाही. लेकीशी नेहमीसारखी थट्टामस्करी, चहात नेहमीसारखी जास्त साखर. मी रेघ ओढली नव्हती. संध्याकाळी खुर्चीत बसून त्यांनी रिमोट उचलला आणि बटण दाबलं. चॅनल बदलला नाही. परत दाबलं. हात लांब केला, रिमोटवर चापट मारली, सेल काढून परत घातले.

"सेल संपलेत, पप्पा," लेक म्हणाली. "जा की जवळ."

हे दाबत राहिले. उठले नाहीत.

छत आलं त्या दिवशी हे पट्ट्याच्या पुढेच उभे होते, ते मला तेव्हा कळलं. मीच उठले, टीव्हीपाशी गेले आणि हाताने चॅनल बदलला. परत येऊन यांच्या खुर्चीला खुर्ची लावून बसले.