उताऱ्यातले वाळे

नोकरीत मोठमोठ्या गुन्ह्यांचे तपास केले, आरोपींना शिक्षाही लागल्या. त्यातले बरेच तपशील आता पुसट झाले आहेत. पण लातूरच्या एका ठाण्यात प्रभारी असताना आलेले तान्ह्या मुलाच्या चांदीच्या वाळ्यांचे प्रकरण जसेच्या तसे डोळ्यांपुढे आहे. नावे कोणाचीच सांगणार नाही. ती माणसे आजही त्याच शहरात राहतात, आणि मी तिथून जवळच, औशाला.

फिर्यादी औषधांचा होलसेल व्यापारी होता. शिकलेला, टापटिपीचा, तोडून बोलणारा. त्याच्या मुलाच्या पायातले वाळे चोरीला गेले होते. मुलाच्या आजीने उदगीरच्या सराफाकडून घडवून आणलेले, एकाचे घुंगरू गळालेले. बायकोचे म्हणणे असे की अंघोळ घालताना वाळे काढून अंगणातल्या ओट्यावर ठेवले आणि ती आत जाऊन येईपर्यंत नाहीसे झाले. अज्ञात इसमाविरुद्ध चोरीचा गुन्हा दाखल करून आम्ही सराफांना वर्णन कळवले. चोरीची चांदी आज ना उद्या सराफाच्या पेढीवर येते, हा ठाण्याचा नेहमीचा अनुभव.

तसा फोन आलाच. "साहेब, कचरा वेचणारी एक बाई वाळे उजळून मागायली. एकाचं घुंगरू न्हाई."

बाईला ठाण्यात आणले. पन्नाशीची, मूळची देवणीकडची, खांद्यावरचे पोते तिने दाराबाहेर नीट घडी करून ठेवले. लेकीला मुलगी झाली होती, तिच्या पायात घालायला वाळे उजळत होती. उन्हातान्हात पोते घेऊन हिंडणे आता तिला झेपत नव्हते. घंटागाडीवर काम मिळायचे ठरले होते, फक्त पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी बाकी होती. चोरीत नाव आले की ते काम गेलेच, शिवाय फिर्यादीच्या वसाहतीची सगळी फाटके तिला बंद.

"कुठून आणले वाळे?" मी विचारले.

"कोपऱ्यावरच्या कचराकुंडीपाशी घावले, सायेब. उतारा व्हता. पत्रावळीवर दहीभात, लिंबू, नारळ, आन लेकराचं झबलं. झबल्यात वाळे गुंडाळल्याले."

आमचे जमादार हसले. मुरलेला माणूस, पण सगळ्या जगाला लबाड समजणारा. "उतारा म्हनं. लोक उताऱ्यावर पाय पडू देत न्हाईत, वळसा घालून जातेत. आन तू घरी घेऊन गेलीस? खोटं बोलायचं तर धड तरी बोल."

"लोक टाकतेत ते उचलायचं, ह्योच आमचा धंदा," ती म्हणाली. "लोकायच्या इडापिडेला भेऊन बसले तर खाऊ काय? नारळ फोडून खाल्ला. झबलं धुऊन नातीला घातलं. वाळे तेवढे काळे पडले व्हते."

दिवस कलला होता. सूर्यास्तानंतर महिलेला अटक करता येत नाही, म्हणून त्याआधीच अटक दाखवून मोकळे व्हावे, असा जमादारांचा आग्रह. फिर्यादीचेही फोनवर फोन येत होते. माल मिळाला, बाई मिळाली, आता काय राहिले, असे त्याचे म्हणणे. मी मूळचा लोह्याचा, आणि आमच्या घरात हट्टी म्हणून माझीच ख्याती आहे. मी अटक करू दिली नाही. दुसऱ्या दिवशी हजर राहण्याची नोटीस देऊन तिला घरी पाठवले.

कायदा मला स्पष्ट दिसत होता. चोरी व्हायला वस्तू कोणाच्या तरी ताब्यातून, त्याच्या संमतीवाचून, बेइमानीने हलवावी लागते. फाटकाच्या आतल्या डब्यातला कचरासुद्धा घरमालकाच्या ताब्यात असतो. त्यात परस्पर हात घालणारा अडचणीत येऊ शकतो. पण मालकाने आपण होऊन, परत न घेण्याच्या इराद्याने बाहेर टाकून दिलेल्या वस्तूवर त्याचा ताबा कसला? सारा प्रश्न एवढाच होता की वाळे ओट्यावरून गेले की कुंडीपाशी मिळाले.

सकाळी पंचांना घेऊन बाईच्या घरी गेलो. तिने दोरीवरचे झबले काढून समोर खाटेवर ठेवले. धुऊनही छातीवर कुंकवाचा डाग राहिला होता, आणि शिवणीत भाताचे एक शीत वाळून चिकटले होते. फिर्यादीत झबल्याचा उल्लेखही नव्हता. मी जमादारांना म्हणालो, "हा मुद्देमाल घ्या ताब्यात." जमादार जागचे हलले नाहीत. पंच एकमेकांकडे बघू लागले.

"काय झालं? बाई खोटं बोलते ना? मग उचला की."

"साहेब, तसं न्हाई, पण घरी माझाबी नातू हाय," जमादार पुटपुटले.

शेवटी झबले मी स्वतः पाकिटात घालून सीलबंद केले. बाई खरे बोलते आहे, हे माझ्या जमादारांनी तोंडाने नाही तरी हाताने कबूल केले होते. मला त्यांचा राग आला आणि हसूही आले.

आता उतारा कोणी टाकला ते कळायला हवे होते. महिला कॉन्स्टेबलला बरोबर घेऊन मी फिर्यादीच्या घरी गेलो. तो दुकानात होता. त्याच्या बायकोला पाकिटातले झबले दाखवले. ती बघत राहिली. "आमचं न्हाई," एवढेच म्हणाली. दोनदा वेगळ्या तऱ्हेने विचारले, उत्तर तेच. मी दटावले नाही. माझा अनुभव असा आहे की घाबरलेल्या माणसाला दटावले की तो खोट्यालाच घट्ट धरून बसतो.

निघता निघता मी म्हणालो, "बरं. मग ज्या बाईच्या तान्ह्या नातीच्या अंगावर हे होतं, तिला परत देऊन टाकतो."

ती ताडकन उठली. "त्या लेकराला घालू देऊ नका. साहेब, पाया पडते. ती पोर बरी हाय ना?"

मग सगळे बाहेर आले. मुलाचा ताप हटत नव्हता. नवऱ्याच्या दुकानात औषधांची कपाटेच्या कपाटे, आणि घरात गंडेदोऱ्याचे नाव काढायची सोय नाही. शेजारच्या म्हातारीने सांगितले, लेकराच्या अंगावर असेल ते समदे उतरव. तिन्हीसांजेला हिने दहीभात ओवाळला, झबले आणि वाळे काढले आणि कुंडीपाशी ठेवून आली. पुढे सासूने वाळे विचारले तेव्हा ओट्याची गोष्ट रचली. बाईला ठाण्यात नेल्याचे कळल्यावरही तिला खरे सांगायचा धीर होत नव्हता.

दुपारी तिघांना समोरासमोर बसवले. बायकोचा जबाब ऐकून फिर्यादी लालबुंद झाला. "माझ्या घरात हे? आणि वाळे माझे आहेत. ते द्यायचा हिला काय अधिकार?"

"तो वाद दिवाणी कोर्टात नेऊ शकता," मी म्हणालो. "चोरीचा गुन्हा इथं होत नाही. त्या बाईला मालक कोण, हे कळायला मार्ग नव्हता. वाळे परत पाहिजेत का, ते आधी घरी विचारा."

बायको मान वर न करता म्हणाली, "मला नकोत. म्या ठेवलं आन मागं वळूनबी बघितलं न्हाई."

टाकून दिलेल्या वस्तूची याहून पक्की व्याख्या मी ऐकलेली नाही. लोक कचरा टाकतात आणि चार दिवसांनी आठवण येऊन कुंडी धुंडाळतात. उतारा टाकणारा मात्र मागे बघतसुद्धा नाही. तो जबाब शब्दशः लिहून घेतला.

मग कचरा वेचणारी बाई तिच्याकडे वळली. "ताई, नात माझी गुटगुटीत हाय. झबलं आठ दिस अंगावर व्हतं, साधं शिंकलीबी न्हाई. तुमचं लेकरू कसं हाय?"

"ताप उतरला," ती म्हणाली आणि ढसढसा रडू लागली. नवऱ्याने खिशातला रुमाल काढून तिच्यापुढे धरला. त्यानंतर त्याने वाळ्यांचे नाव काढले नाही.

गुन्हा गैरसमजातून दाखल झाला, असा 'क' समरी अहवाल मी कोर्टात पाठवला. फिर्यादीने हरकत नसल्याचे लिहून दिले आणि वाळे त्या नातीच्या पायात गेले. घंटागाडीच्या पडताळणीचा कागद टेबलावर आला, तेव्हा 'प्रतिकूल काही आढळले नाही' हा शेरा मी स्वतःच्या हाताने लिहिला.

त्या दोन्ही बायका देवा-उताऱ्याबद्दल काय मानतात, त्यावर मी वाद घालणार नाही. तापाला डॉक्टरच लागतो, हे माझे मत आहे. पण पोलिसाने माणसाला चोर म्हणण्याआधी वस्तू कोणी, कशी सोडली हे शेवटपर्यंत विचारलेच पाहिजे, हे मी या प्रकरणात शिकलो. घाईत अटक दाखवली असती तर कागदावर तपास चोख झाला असता आणि एक निरपराध बाई आयुष्यभर चोर ठरली असती.

पुढे एकदा सकाळी त्या वसाहतीतून जाताना घंटागाडी उभी दिसली. बाकीच्या घरांनी डबे फाटकाबाहेर ठेवले होते. फिर्यादीची बायको मात्र डबा घेऊन स्वतः बाहेर आली, गाडीवरच्या त्या बाईच्या हातात दिला, आणि दोघी एकमेकींच्या लेकरांची चौकशी करत उभ्या राहिल्या. मागच्या गल्लीतले लोक घंटी वाजायची वाट बघत होते.